पाळकाचा एक रविवार, गोसीखुर्दच्या पाण्याकाठी

‘नदीवर कधी जायचे?’ हा प्रश्न आमच्या घरात गेली दोन वर्षे रोज विचारला जातो. विचारणारे माझे वडील. वय 84. सकाळी काय खाल्ले ते त्यांना दुपारी आठवत नाही. पण 50 वर्षांपूर्वी कोणत्या गावी कोणाच्या ओसरीवर चहा घेतला, ते मात्र लख्ख आठवते. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितले होते, की जवळचे आधी पुसले जाईल आणि दूरचे बराच काळ टिकेल. बाबांच्या त्या दूरच्या आठवणींत एक नदी आहे. ती वैनगंगा.

बाबा पाळक होते आणि मीही पाळक आहे. ख्रिस्ती मंडळीचा धर्मसेवक तो पाळक. रविवारची उपासना आणि प्रवचन हे त्याचे लोकांना दिसणारे काम. न दिसणारे काम याहून मोठे असते. रुग्णालयातील भेटी, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी नेलेले प्रभुभोजन, लग्ने, दफनविधी, घराघरांतील भांडणे, आणि रात्री अडीच वाजता वाजणारा फोन. या कामाला सुटीचा वार नाही असे नाही; आम्ही बहुतेक जण सोमवार मोकळा ठेवतो. पण सोमवारी मुलांची शाळा-महाविद्यालये असतात. मुलांना शनिवार-रविवार मोकळा मिळतो तेव्हा बाप मंदिरात असतो. एकाच घरात दोन पंचांगे चालतात आणि ती सहसा जुळत नाहीत.

बाबांची तरुणपणीची सेवा भंडाऱ्याच्या बाजूला झाली. सायकलवरून ते वैनगंगेच्या काठच्या खेड्यांत जात. त्यांपैकी एका गावाविषयी ते आईला नेहमी सांगत. तेथील वाळू, पैलतीरावरची वांग्यांची आणि टरबुजांची वाडी, संध्याकाळी पाण्यावर पडणारा प्रकाश. ‘यंदाच्या उन्हाळ्यात तुला आणि पोरांना घेऊन जातो,’ असे ते म्हणत. एका उन्हाळ्यात कोणाचे लग्न निघाले, दुसऱ्या उन्हाळ्यात मंडळीत कोणी गंभीर आजारी पडले, तिसऱ्यात त्यांची बदली झाली. ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द आमच्या घरात इतका वापरला गेला, की तो झिजून गुळगुळीत झाला. आई सहा वर्षांपूर्वी गेली. नदी तिने पाहिली नाही. आणि ते गावही आता नकाशावर नाही; ते गोसीखुर्दच्या जलाशयाखाली आहे.

या जानेवारीत प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस मुलीला सुटी. पत्नी एवढेच म्हणाली, ‘बाबांना नेऊन आणू या. पुढच्या वर्षी ते नदी ओळखतील की नाही, सांगता येत नाही.’

रविवारी मंडळीत नसणे हे माझ्यासाठी सोपे नव्हते. दोन आठवडे आधी मी मंडळीच्या वडिलांची, म्हणजे आमच्या कार्यकारी मंडळाची, बैठक घेतली. रविवारची उपासना एका निवृत्त पाळकांनी घेण्याचे मान्य केले. आजारी माणसांची यादी मी लिहून दिली आणि प्रत्येक नावापुढे कोण भेट देणार ते नमूद केले. आणखी एक गोष्ट आयुष्यात प्रथमच केली. कोणत्या कारणासाठी मला फोन करावा आणि कोणत्या कारणासाठी करू नये, हे स्पष्ट लिहून दिले. कोणाचा मृत्यू झाला तर मला कळवावे, पण अंत्यविधी निवृत्त पाळकांनी करावा, असेही त्यात होते. लिहिताना हात अडखळला. तशी वेळ येणार नाही, अशी मनाची समजूत घातली.

वाटेवर

नागपूरहून पवनीचा रस्ता उमरेड आणि भिवापूरवरून जातो. अंतर फार नाही, पण आम्ही सकाळची न्याहारी आणि गोळ्या आटोपूनच निघालो आणि दर तासाला थांबलो. बाबांना बसून बसून पायांना मुंग्या येतात, आणि लघवीची निकड त्यांना वेळेवर सांगता येत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची याच भागातली. रस्त्याकडेला लालभडक मिरच्या वाळत घातलेल्या होत्या आणि बाया देठ खुडत बसल्या होत्या. गाडीच्या काचेतून आत आलेल्या ठसक्याने बाबांना शिंक आली आणि ते एकदम बोलते झाले. ‘इथे उतरून पाणी प्यायचो मी,’ म्हणाले. वास आणि आठवण यांचे नाते इतके घट्ट असते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी शेजारी बसून पाहिले.

पवनी हे वैनगंगेच्या काठचे फार जुने गाव. किल्ल्याचा दरवाजा आणि खंदक, नदीवरचे घाट, गल्लोगल्ली मंदिरे. म्हणून लोक याला विदर्भाची काशी म्हणतात. त्याहून जुना इतिहास गावाबाहेरच्या जगन्नाथ टेकडीत सापडला. 1969-70 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि नागपूर विद्यापीठ यांनी केलेल्या उत्खननात तेथे दोन हजार वर्षांपूर्वीचा भव्य स्तूप उघड झाला. बौद्ध भिक्खूंना पावसाळ्यात भटकंती थांबवून एका जागी राहण्याचा नियम होता, त्याला वर्षावास म्हणतात. आमच्या शास्त्रात सातवा दिवस विसाव्याचा सांगितला आहे. फिरत्या आणि सेवेकरी माणसाने थांबावे कधी, हे त्याच्या मर्जीवर न सोडता नियमाने बांधून ठेवण्याचे शहाणपण जुन्या परंपरांना होते. मर्जीवर सोडले तर तो थांबत नाही, हे त्यांना ठाऊक असावे.

आमचा मुक्काम पवनीत एका स्नेह्यांकडे होता. तळमजल्यावरची खोली, कमोड असलेले स्नानगृह आणि जवळच दवाखाना, एवढे तीन प्रश्न पत्नीने आधीच विचारून ठेवले होते.

पाण्याकाठी

शनिवारी दुपारी ऊन उतरल्यावर आम्ही गोसीखुर्दला गेलो. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा येथे अडवली आहे. 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाची भिंत 11 किलोमीटरहून लांब आहे आणि सांडव्याला 33 दरवाजे आहेत. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर जमिनीला पाणी देण्याचा संकल्प या धरणामागे आहे. त्यासाठी कितीतरी गावांनी आपली घरे, शेते, देवळे आणि स्मशाने सोडली. पुनर्वसनाच्या तक्रारी आजही ऐकू येतात. विशाल पाणी पाहून मन शांत होते हे खरे. पण त्या शांततेखाली कोणाचे अंगण आहे, याचे भान ठेवूनच ते पाहावे.

काठावर एका झाडाखाली आम्ही घडीची खुर्ची मांडली. बाबा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. दूरवर हिवाळी पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरत होते. मग त्यांनी हातातली काठी पाण्याकडे रोखली आणि विचारले, ‘गाव कुठे आहे?’

काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. मुलगी त्यांच्या खुर्चीजवळ बसली आणि म्हणाली, ‘आजोबा, गाव पाण्याखाली आहे. माणसे दुसरीकडे राहायला गेली.’ काळजीवाहकांना सांगतात, की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी वाद घालू नये आणि त्याला प्रत्येक दुःख नव्याने भोगायला लावू नये. मला वाटले, आता ते कष्टी होतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तिला आणायला पाहिजे होते.’ एवढेच. आईचे नाव त्यांनी घेतले नाही. पत्नीने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि थर्मासमधला चहा पुढे केला. सूर्य मावळेपर्यंत आम्ही तेथे होतो. त्या दीड तासात त्यांनी ‘नदीवर कधी जायचे’ हे एकदाही विचारले नाही.

रात्रीचा फोन

रात्री पावणेनऊला फोन आला. आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी, वर्षभर अंथरुणावर होत्या, त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली होती. निवृत्त पाळक त्यांच्या उशाशी पोहोचले होते. मंडळीच्या चिटणिसांनी फोन केला तो मला बोलावण्यासाठी नव्हे, कळवण्यासाठी. पण त्यांनी शेवटी हळूच जोडले, ‘मुलगा विचारत होता, पाळकसाहेब येतील का?’

अडीच तासांत मी पोहोचलो असतो. गाडीची किल्ली माझ्या हातात होती. पत्नीने अडवले नाही. ती फक्त म्हणाली, ‘तुम्ही निघालात तर बाबांना या नव्या खोलीत रात्री मी एकटीने कसे सांभाळू?’ संध्याकाळ झाली की बाबा अस्वस्थ होतात. अनोळखी जागी तर अधिकच. घरातला जुना रग, त्यांचे पवित्र शास्त्र आणि रात्रीचा मंद दिवा आम्ही मुद्दाम सोबत आणला होता, तरीही ते दोनदा दाराकडे जाऊन आले होते.

मी बाबांकडे पाहिले. त्या भगिनीचे नाव ऐकून ते सावध झाले होते. त्यांचे लग्न बाबांनीच लावले होते. ‘फोन लाव,’ ते म्हणाले. पलीकडे निवृत्त पाळकांनी फोन त्या भगिनीच्या कानाशी धरला. बाबांनी त्यांना माहेरच्या नावाने हाक मारली, त्यांच्या दिवंगत पतीविषयी दोन शब्द बोलले, आणि मग 23वे स्तोत्र पहिल्या शब्दापासून अखेरपर्यंत न अडखळता म्हटले. सकाळचा उपमा ज्यांना आठवत नव्हता, त्यांच्या आवाजात 40 वर्षांची सेवा जशीच्या तशी उभी राहिली. पलीकडून त्या भगिनीने हुंकार दिला, असे नंतर कळले.

मी गेलो नाही. पहाटे चारच्या सुमारास त्या गेल्या.

चौघांची उपासना

रविवारी सकाळी नऊ वाजता नागपुरात माझ्याविना घंटा वाजली असेल. आम्ही चौघे खोलीतच उपासनेला बसलो. मुलीने मार्ककृत शुभवर्तमानातील सहावा अध्याय वाचला. शिष्य सेवा करून दमून परततात. जेवायलाही सवड नसते. प्रभू त्यांना घेऊन नावेने एकान्तात विसाव्याला निघतो. पण लोक काठाकाठाने धावत आधीच तेथे पोहोचतात, आणि त्याला त्यांचा कळवळा येतो. या उताऱ्यावर मी अनेकदा प्रवचन केले आहे, आणि प्रत्येक वेळी कळवळ्यावर भर दिला आहे. त्या दिवशी प्रथमच लक्षात आले, की विसाव्याला चला असे सांगणाराही तोच होता. विसावा मोडला गेला, म्हणून तो चुकीचा ठरला नाही.

दुपारी चारला नागपुरात दफनविधी होता. त्याच वेळी आम्ही पवनीच्या घाटावर होतो. बाबा पायरीवर बसले होते आणि मुलगी त्यांच्या पायांना तेल चोळत होती. माझे लक्ष घड्याळाकडे होते. पत्नीने ते पाहिले आणि काही बोलली नाही. सुटीवर गेलेला माणूस खरोखर गेलेला असतोच असे नाही, हे तिला बावीस वर्षांच्या संसारात पुरते कळले आहे.

सोमवारी परतताना थोडी वाट वाकडी करून आम्ही अंभोरा पाहिले. येथे वैनगंगेला कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या नद्या मिळतात. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ येथेच रचला, असे येथील परंपरा सांगते. आंबेजोगाईकरांचाही तसाच दावा आहे. पाच नद्या मिळून जी पुढे जाते, तिला कोणा एकीचा भार वाटत नसावा. मात्र नागपूरचे सांडपाणीही नाग नदीतून कन्हानमार्गे याच पाण्यात येते. म्हणून पाणी डोळ्यांनी प्यावे, ओंजळीने नव्हे.

परतल्यावर

मंगळवारी सकाळी मी त्या घरी गेलो. मुलाने दार उघडले. ‘तुम्ही नव्हता,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. मी क्षमा मागितली, सबब सांगितली नाही. तासाभराने तो स्वतःहून सांगू लागला. त्या रात्री मंडळीतील चार जणी आळीपाळीने आईजवळ बसल्या होत्या, एकीने केस विंचरले, एकीने ओठ ओले केले. ‘ती एकटी नव्हती,’ तो म्हणाला. निघताना त्याने बाबांची चौकशी केली. तो सल माझ्या मनातून पूर्ण गेलेला नाही. पण मी नसताना मंडळी होती, हे मला त्या घरात कळले. मी नेहमी हजर राहिलो असतो, तर कदाचित कळलेच नसते.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याची बायको आणि दोन मुले यांना घेऊन त्याच्याकडे येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवणारा जावई पाहून तो बजावतो, की अशाने तू थकून जाशील आणि लोकही थकतील. विश्वासू माणसे नेम, कामे वाटून दे. बायको-मुलांना दारात आणून सोडणाऱ्या माणसानेच हा सल्ला द्यावा, यात मोठे मर्म आहे.

आमच्या मराठी ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न नवा नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ठाऊक आहे, की रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा माणूस सर्वांचा झाला, की घराला काय काय सोसावे लागते. लक्ष्मीबाईंनी ते हसत सांगितले, म्हणून ते हलके होते असे नव्हे. 1845 साली नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप मिशनच्या व्यापातूनही दगड आणि जीवाश्म यांच्या अभ्यासात रमत. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना मात्र ढासळलेल्या प्रकृतीमुळे 1855 मध्ये मायदेशी परतावे लागले. सेवेला शरीर असते, हे तेव्हाही खरे होते.

2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ची व्याख्या केली ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात दुरावा वा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलिनातील मेथडिस्ट पाळकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण सर्वसामान्यांहून अधिक आढळले. ही तीन लक्षणे वाचताना मला स्वतःच्या आधी पत्नीचा चेहरा आठवला. माझ्या कामाची मी लेखी वाटणी केली होती. तिच्या कामाची कोणीच केली नव्हती. त्या तीन दिवसांत बाबांच्या गोळ्या तिनेच दिल्या, रात्री तीच उठली, कपडे तिनेच बदलले. सुटी मला मिळाली. तिने फक्त जागा बदलली.

आता दर गुरुवारी दुपारी मंडळीतील दोन व्यक्ती बाबांजवळ बसतात आणि तीन तास ती घराबाहेर असते. सोमवारी बाबांची आंघोळ, गोळ्या आणि रात्रीची जाग माझ्याकडे असते. घरी वृद्ध असलेल्या प्रत्येक कुटुंबाला माझे सांगणे आहे, की काळजी घेणाऱ्याच्या कामांची यादी एकदा कागदावर लिहून काढा. त्यातले किती आपल्याला करता येण्याजोगे होते, हे पाहून आपणच ओशाळतो.

आपण वृद्धांना घेऊन या बाजूला जाणार असाल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. विदर्भाचा उन्हाळा त्यांना सोसणार नाही. धरणाच्या भिंतीवर जाऊ देतात की नाही, याची आधी चौकशी करावी. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, म्हणून काठी आणि एक भक्कम हात सोबत हवा. औषधे दोन दिवस पुरून उरतील एवढी घ्यावीत, त्यांची चिठ्ठी वेगळी ठेवावी, आणि जेवणाच्या व गोळ्यांच्या वेळा घरच्यासारख्याच पाळाव्यात. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव आणि आपला फोन क्रमांक लिहिलेला कागद असावा. दिवसाला एकच ठिकाण पुरे.

बाबांना ती सहल आठवत नाही. गोसीखुर्दच्या काठावरचे त्यांचे छायाचित्र आम्ही पलंगाशेजारी लावले आहे. ते पाहून ‘हे कोण?’ असे कधी कधी विचारतात. काल संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारले, ‘नदीवर कधी जायचे?’

पूर्वी मी म्हणायचो, ‘पुढच्या वर्षी.’ काल कॅलेंडर काढले, पावसाळ्यानंतरचा एक रविवार शोधला आणि त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. मग मंडळीच्या चिटणिसांना फोन केला.